'राजी': देखणा गेम, त्याच त्या लढाया

'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२०मध्ये निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला. ऑक्टोबरमध्ये तो पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही पोहोचला. तेव्हापासून खेळणाऱ्यांचं मत साधारण एकच आहे: दृश्यं डोळ्यांत साठवावीत अशी, लढाया मात्र त्याच त्या. हे असं का झालं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा. पुण्याला गेम नवे नव्हते; युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ इथे २००८पासून आहे. पण आपल्याकडचं बरंचसं काम एकतर मोबाइल गेमचं, नाहीतर परदेशी कंपन्यांसाठी त्रिमितीय मॉडेल, टेक्श्चर (त्यांवर चढवायचे पृष्ठभाग), ॲनिमेशन करून देण्याचं. त्यातून उत्तम चित्रकार तयार झाले. शत्रू कधी हल्ला करेल, फटका कसा जाणवेल, दहाव्या लढाईत नवीन काय असेल, हे ठरवणारी माणसं मात्र फारशी घडली नाहीत, असं मला वाटतं.

त्यात पैशांची चणचण. २०१७मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर निधी उभारायचा प्रयत्न झाला, पण उद्दिष्ट गाठता आलं नाही. सुपर डॉट कॉम हा प्रकाशक पुढे मिळाला. हात कमी आणि पैसा मोजका असला की कशावर जास्त खर्च करायचा ते निवडावं लागतं.

यांनी वातावरण निवडलं. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर लहान मुलांना पळवून नेतात, त्यात गोलूही जातो. त्याची बहीण राजी सर्कशीत कसरती करणारी, ती त्याच्या शोधात निघते. राजस्थानी धाटणीचे किल्ले-महाल, पहाडी शैलीची चित्रं, छायाबाहुल्यांमधून सांगितलेले प्रसंग. एखाद्या भित्तिचित्रासमोर राजीला उभं केलं की दुर्गा आणि विष्णू त्यातली कथा सांगू लागतात. गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायचं एक कोडं आहे. चकत्या जागेवर बसल्या की भावंडांची एखादी जुनी आठवण समोर येते. तिथे मी दरवेळी थांबतो.

कॅमेरा उंचावर ठेवलाय तोही याचसाठी: राजी चिमुकली, किल्ला अवाढव्य. पण त्याच अंतराने लढाईचं नुकसान होतं. अंगण बंद होतं, असुर येतात, त्रिशूळ चालवायचा, खांबाला गिरकी घ्यायची, वाट मोकळी. पुढच्या अंगणात पुन्हा तेच. गिरक्यांमध्ये राजीची सर्कस दिसते आणि त्या सुंदर आहेत, पण इतक्या दुरून फटक्याचं वजन हाताला जाणवत नाही.

तरीही २०२०च्या 'द गेम अवॉर्ड्स' या पुरस्कारांमध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी (छोट्या, स्वतंत्र स्टुडिओच्या) गेमसाठी 'राजी'ला नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया' या गेमने नेला. २०२२च्या सुधारित आवृत्तीत स्टुडिओने लढायांवर पुन्हा काम केलं आणि हिंदी आवाज दिले. मूळ इंग्रजी निवेदनात दुर्गा-विष्णू परके वाटायचे, ते तिथे कुठे घरचे वाटू लागले.