पुट अप
पुट अप : इंग्रजीतील एक बहुअर्थी फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला छोटे अव्यय जोडून झालेला शब्दबंध. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर. पण दोहोंची बेरीज करून अर्थ निघतोच असे नाही. पोस्टर लावणे, तंबू ठोकणे इथवर 'वर'चा माग लागतो, पुढे तो हरवतो. भूतकाळातही रूप 'पुट'च राहते. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये वापरली. ती कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेली.

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रयोग कानी पडतो तो मुक्कामाच्या अर्थाने. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासना येणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना हमखास विचारतात, 'व्हेअर आर यू पुट अप?' हे वळण भारतीय. लंडनमध्ये 'स्टेइंग' म्हणतील. तिकडे ठेवून घेणारा कर्ता लागतो : 'माय आँट पुट मी अप फॉर टू नाइट्स'. इंग्रजी 'मी' (मला) मध्येच हवे, 'पुट अप मी' चूक. मराठीत मावशीला कर्तेपण द्यावे लागत नाही. पाहुणा आपला आपण उतरतो : 'रामबागेत मावशीकडे उतरलोय.'

पुढे 'विथ' आले की पाहुणचार संपला. 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणे, निमूट सोसणे. हे तीन शब्द मात्र एकत्रच ठेवायचे : 'आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज'. हिंदीच्या शेजारामुळे इंदुरी मराठीत यासाठी 'झेलणे' सर्रास चालते. 'आत्या, वरच्या भाडेकरूला अजून किती दिवस झेलायचं?' हे ऐकून पुण्याचा पाहुणा गॅलरीकडे बघतो. प्रमाण मराठीत चेंडू झेलतात, फार तर टीका, भाडेकरू नाही. अर्थछटा म्हणाल तर 'झेलणे'च इंग्रजीच्या अधिक जवळचे, कारण 'सहन करणे'त जो सोशिक गंभीरपणा आहे तो 'पुट अप विथ'मध्ये नाही, तिथे कुरकुर आहे. याच तीन शब्दांची ताटातूट करणारे 'अप विथ विच आय विल नॉट पुट' (जे मी खपवून घेणार नाही) हे गमतीदार वाक्य चर्चिल यांच्या नावावर खपवले जाते. ते त्यांचेच असल्याचा पुरावा नाही.

'पुट-अप जॉब' म्हणजे संगनमताने रचलेला बनाव.

सरकारी कचेऱ्यांत 'पुट अप' म्हणजे वरिष्ठांपुढे सादर करणे. 'फाइल पुट अप केली का?' असे साहेब विचारतात तेव्हा 'अप' पुन्हा शब्दशः खरे ठरते : फाइल खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर जाते, आणि शेरा घेऊन बहुधा खाली येते.