धूप लावण्याआधी: पावसाळ्यात घराला येणारा कुबट वास

नमस्कार.

धुपाच्या प्रत्येक पाकिटात हा कागद आम्ही मुद्दाम घालतो. चिपळुणात जून लागला की दुकानात रोज कोणी ना कोणी म्हणतं, "घरात कुबट वास येतोय, जरा उग्र धूप द्या." धूप आम्ही देतो, पण आधी विचारतो की वास नेमका कुठून येतोय. ते सापडल्याशिवाय कितीही चांगला धूप लावला तरी तासाभराने कुबट वास पुन्हा जाणवतो. मधल्या वेळात दोन्ही वास मिसळून डोकं दुखतं ते वेगळंच.

कुबट वास येतो बुरशीमुळे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता कित्येक दिवस 85-90 टक्क्यांच्या आसपास असते. ती 70 च्या वर राहिली की लाकूड, चामडं, पुस्तकं, गाद्या यांच्यावर बुरशी धरू लागते, आणि डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. म्हणून आधी बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा आणि त्याची मागची फळी हुंगून बघा. बहुतेक घरांत वास तिथेच सापडतो. फळी कोरड्या फडक्याने पुसा आणि कपाट पुन्हा भिंतीला चिकटवू नका, मागून हवा खेळू द्या. पावसाने उघडीप दिली की गाद्या, उशा, चपलांची फळी, सगळं दोन तास उन्हात काढा. उन्हाची बरोबरी आमचा कुठलाही माल करत नाही.

घरात दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचं पाणी घराच्याच हवेत जातं. ती खोली बंद ठेवू नका, पंखा लावा, खिडकी फटभर तरी उघडी ठेवा. दमट कपड्याची घडी घालून कपाटात ठेवली की शेजारच्या दहा कपड्यांना तो वास लागतो. टॉवेलला वास येत असेल तर तो साबण वाढवून जात नाही. टॉवेल कडकडीत पाण्यात भिजवा, मग धुवा.

आता भिंतींबद्दल, कारण याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, आमच्या घरातही आलं. गणपती होते 10 सप्टेंबरला, म्हणजे हातात जेमतेम सात आठवडे. गाळ काढला, भिंती धुतल्या आणि सणाला घर स्वच्छ दिसावं म्हणून घाईने प्लास्टिक पेंट लावला. भिंत आतून ओलीच होती. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले, पोपडे सुटले आणि घरभर गाळाचा वास पसरला. शेवटी तो रंग खरवडून भिंत महिनोन् महिने उघडी ठेवली आणि मग चुन्याचा हात दिला. चुना भिंतीतला ओलावा बाहेर येऊ देतो, त्याच्यावर बुरशीही सहज धरत नाही. तुमची भिंत सुकली का हे बघायचं असेल तर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्का लावा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर रंगाऱ्याला बोलावू नका.

मुंबईकर चाकरमान्यांची तक्रार वेगळी असते: शिमग्याला कुलूप उघडलं की गटाराचा वास. न्हाणीच्या जाळीखाली पाइपाच्या वळणात थोडं पाणी साठलेलं असतं, तेच गटारातली हवा अडवून धरतं. घर महिनोन् महिने बंद राहिलं की ते पाणी आटतं. तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल. घर बंद करून जाताना पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर आटत नाही.

सुक्या बोंबलांचा, सोड्यांचा वास भांड्याला राहिला तर आमसूल किंवा लिंबाची साल चोळा. आंबटापुढे मासळीचा वास टिकत नाही.

डांबरगोळ्या आम्ही विकत नाही. बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या कधीच ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. त्याऐवजी आमची वाळ्याची जुडी किंवा सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. वाळा सुगंध देतो, ओल शोषत नाही. त्यामुळे कपाट आधी कोरडं हवं. कापूर मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, पोटात गेला तर झटके येतात.

संडास-न्हाणी धुताना ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

आता धूप. आमच्या धुपात राळ, ऊद, गुग्गुळ, नागरमोथा, गव्हला आणि वाळ्याची पूड आहे. सगळं नैसर्गिक असलं तरी धूर तो धूरच. एका वेळी एकच कांडी लावा आणि खिडकी उघडी ठेवा. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर त्या खोलीत लावूच नका, वाळ्यावर भागवा. आणि घरात शिरताच गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, विजेचं बटणही दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 वर फोन करा.

पाकीट उघडल्यावर धूप घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात सादळतो. सादळला तर टाकू नका. उन्हाचा एक दिवस दाखवला की पुन्हा नीट पेटतो. तरीही पेटला नाही तर दुकानात घेऊन या, बदलून देऊ.