थंडी भरवणारं झुडूप

नर्सरीत ‘येस्टरडे-टुडे-टुमॉरो’ या नावानं मिळणारं झुडूप अनेकांच्या गॅलरीत असतं. एकाच फांदीवर जांभळी, फिकट आणि पांढरी फुलं पाहून हे तीन रंगांचं कलम असावं, असं वाटतं. कलम-बिलम काही नाही. फूल जांभळं उमलतं आणि साधारण तीन दिवसांत पांढरं होतं, एवढंच.

पण ‘एवढंच’ म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. वांग्याच्या सालीला जांभळा रंग देणाऱ्या अँथोसायनिन गटातलंच रंगद्रव्य या पाकळीतही असतं. एरवी फूल कोमेजलं की रंग जातो. इथे पाकळी ताजी, टवटवीत असतानाच तो उतरतो. प्रथिनं बनण्याची क्रिया रोखणाऱ्या द्रावणात पाकळ्या ठेवल्या, तर त्या जांभळ्याच राहतात. म्हणजे रंग आपोआप उडत नाही, तो पुसण्यासाठी झाडाला नवी प्रथिनं तयार करावी लागतात. पुसण्याचं काम पेरॉक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. पेशीच्या ज्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या द्रवाच्या पिशवीत, रंग साठवलेला असतो, तिथेच हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीनं ते रंगाचे रेणू मोडतं. थोडक्यात, झाड आपली पाकळी आतूनच ब्लीच करतं.

या झुडपाची प्रजात ब्रुनफेल्सिया, कुळ वांगं-मिरची-धोतऱ्याचं. तिचा अ‍ॅमेझॉनमधला भाऊबंद म्हणजे ब्रुनफेल्सिया ग्रँडिफ्लोरा. पेरू, इक्वेडोर, कोलंबियाच्या जंगलपट्ट्यात त्याला ‘चिरिक सनांगो’ म्हणतात. तिथल्या केचुआ भाषेत चिरि म्हणजे थंड. त्याहून दुर्मिळ अशी आणखी एक जात म्हणजे ‘चिरिकास्पी’, थंडीचं झाड. तिथले कोफान आदिवासी त्याला जास्त जहाल मानतात. १९७०च्या दशकात टिमथी प्लोमन या वनस्पतिशास्त्रज्ञानं या प्रजातीचा बारकाईनं अभ्यास केला.

चिरिक सनांगोचं औषध प्रामुख्यानं मुळाच्या सालीत. ती खरवडून गार पाण्यात किंवा उसाच्या दारूत भिजत घालतात आणि सांधेदुखी, संधिवात, तापावर थोडी थोडी देतात. सोबत कडक पथ्य असतं. प्यायल्यावर हातापायांना मुंग्या येतात, मग आतून थंडी भरते, अंग कापतं, मळमळतं, गरगरतं. परंपरा याला औषध ‘लागल्याची’ खूण समजते. विषशास्त्राच्या नजरेनं मात्र ही मज्जासंस्था डिवचली गेल्याची खूण आहे. झाडाचं नावच त्याच्या विषबाधेच्या लक्षणावरून पडलंय!

यातलं स्कोपोलेटिन नावाचं द्रव्य प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाह कमी करतं, त्यामुळे सांधेदुखीवरचा वापर अगदीच निराधार नाही. पण १९८५मध्ये याच झुडपातून ब्रुनफेल्सामिडीन हा झटके आणणारा, जीवघेणा घटक वेगळा काढला गेला. दोन्ही द्रव्यं एकाच झाडात असल्यावर नुसतं साल भिजवून हवं ते घेणार आणि नको ते टाळणार कसं? तिथला वैद्य निदान ओळखीच्या झाडाची साल वापरतो आणि रोग्याजवळ बसून असतो. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असा शिक्का मारलेल्या ऑनलाइन पुडीत यातलं काहीच मिळत नाही. नैसर्गिक तर धोतराही आहे.

आपल्याकडे खरा धोका कुत्र्यांना. बागेतल्या जातीही विषारी आहेत. फळं-बिया तर आहेतच, पण पानं, फुलं किंवा छाटलेल्या फांद्या चघळूनही बाधा होते. आधी लाळ, उलट्या, अस्वस्थपणा. मग थरथर, ताठरलेले पाय आणि झटके. झटके स्पर्शानं किंवा आवाजानंही उसळतात, आणि कधीकधी त्रास कित्येक दिवस चालतो. यावर उतारा नाही. व्हेट डायझेपामसारख्या औषधानं झटके आवरतात, सलाइन लावतात, लवकर आणलं असेल तर विष शोषून घेणारा औषधी (अ‍ॅक्टिव्हेटेड) कोळसा देतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. झटक्यात ते फुप्फुसात जाऊ शकतं. कुत्र्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवून गाडी काढा आणि झाडाची एक फांदी सोबत न्या. लक्षणं स्ट्रिकनीनसारखी, म्हणजे कुचल्याच्या विषासारखी दिसतात. फांदी पाहिली नाही तर डॉक्टरांना आधी त्याचाच संशय येतो.