ट्रॅक पिन : आरपार कठीण आणि फक्त वरून कठीण

जुना रणगाडा किंवा सैनिकी कॅरियर पुन्हा चालता करणारी मंडळी नव्या ट्रॅक पिनांविषयी, म्हणजे पट्ट्याच्या कड्या एकमेकींना जोडणाऱ्या पोलादी सळयांविषयी, विचारतात, तेव्हा त्यांना एकच ठरलेले उत्तर मिळते : "पिना हार्डन करून घ्या." आरपार हार्डन (कठीण) करायच्या की केवळ पृष्ठभाग, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. दोन्ही प्रकारच्या पिना दिसायला सारख्या असतात, कानसही दोन्हींवरून सारखीच घसरते, आणि म्हणूनच हा घोळ वर्षानुवर्षे चालू राहतो.

आरपार कठीण करण्याची रीत लेथवर काम करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. सुमारे ०.४ टक्के कार्बनचे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचे, तेलात बुडवायचे आणि मग टेंपरिंग करायचे, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करायचा. साध्या ०.४५ टक्के कार्बनच्या पोलादावर हाच प्रयोग केला, तर २५ मिमी जाडीत कठीणपणा गाभ्यापर्यंत पोचतच नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

खरा प्रश्न पिनेला काय सोसावे लागते हा आहे. कोरड्या पिनेच्या, म्हणजे रबर किंवा वंगण नसलेल्या, पट्ट्यात शेजारशेजारच्या कड्या पिनेला कापू पाहतात, वाकवतात आणि कडी फिरताना मधल्या वाळूमातीने तिला सतत घासतात. यांपैकी झीज फक्त पृष्ठभागावर होते. वाकण्याचा ताणही पृष्ठभागावरच सर्वाधिक असतो आणि मध्याकडे जाताना शून्यावर येतो. गाभ्याचे काम निराळे आहे : कडी दगडावर आपटली किंवा चालक-चक्राने (पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाने) हिसका दिला, तर तो धक्का पचवायचा आणि वरून आलेली चीर पुढे जाऊ द्यायची नाही. हे काम चिवटपणाचे आहे. आरपार एकाच कठीणपणाची पिन म्हणूनच कोणत्या तरी एका कामात कमी पडते. ती रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापावर ५५ वर ठेवली तर ठिसूळ होते आणि टोकाच्या खाचेपाशी तुटते. ३५ वर ठेवली तर तुटत नाही, पण झिजते. ही झीज क्षुल्लक समजू नये : ९० सांध्यांच्या पट्ट्यात प्रत्येक सांधा अर्धा मिमी सैल झाला, तर पट्टा ४५ मिमी लांबतो. ताण वाढवून ढिलाई काढता येते, पण कड्यांमधले अंतर चक्राच्या दात्यांशी जुळेनासे होते, त्याला ताण वाढवणे हा उपाय नव्हे.

म्हणून माझी पसंती ठाम आहे. आधी संपूर्ण पिन रॉकवेल सी ३० ते ३४ च्या कठीणपणावर चिवट करून घ्यावी आणि मग इंडक्शन हार्डनिंगने (विजेच्या वेटोळ्याने पृष्ठभाग झटपट तापवून लगेच थंड करण्याच्या रीतीने) फक्त वरचा सुमारे २ मिमीचा थर ५५ ते ५८ पर्यंत न्यावा. कठीण होताना हा थर किंचित फुगू पाहतो, आतला गाभा त्याला आवरतो, त्यामुळे थर कायम दाबाखाली राहतो आणि वारंवार वाकण्याने पडणारी चीर सहजी उघडत नाही.

मात्र "वरून कठीण" म्हणजे मऊ सळईला पावडरीत लालबुंद करून पाण्यात टाकणे, अशी समजूत करून घेणाऱ्यांशी माझे अजिबात पटत नाही. त्यातून मिळणारा थर मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो. कडीचा दाब आला की मऊ गाभा खचतो आणि वरचा थर अंड्याच्या कवचासारखा फुटतो. कठीण पिन कमी वाकते, हाही असाच एक हट्टी गैरसमज आहे. हार्डनिंगने पोलादाची लवचिकता जवळपास बदलत नाही. त्याच भाराखाली मऊ आणि कठीण पिन सारख्याच वाकतात, फक्त कठीण पिन कायमची वाकडी होण्याआधी अधिक भार घेते.

पिन नेमकी कोणती आहे, हे ओळखायला कानस कामाची नाही. प्रत्येक खेपेतली एक पिन बळी द्यावी : थंड पाणी सोडत ती आडवी कापावी, काप चकचकीत घासावा आणि त्यावर अल्कोहोलमध्ये पातळ केलेले नायट्रिक अॅसिड लावावे. काही सेकंदांत कडेला गडद कडे उमटले, तर तो कठीण थर. त्याची रुंदी मोजता येते. काप सगळीकडे एकसारखा करडा झाला, तर पिन आरपार एकाच जातीची आहे.

पोलादाच्या दोन जवळच्या प्रतींवरून तासन्‌तास वाद घालण्यात मला रस नाही. पिनेच्या डोक्याकडे मात्र लक्ष हवे. टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या पिना आतल्या बाजूला सरकतात आणि चिलखताला जोडलेली उतरती पट्टी त्यांच्या डोक्यावर आपटून त्यांना परत जागेवर ढकलते. असे ठोके खाणारे डोके कठीण केले, तर त्याच्या कपच्या उडतात. शेर्मन या अमेरिकी रणगाड्याच्या रबरी बुशच्या (पिनेभोवती रबरी नळी बसवलेल्या) पट्ट्यात तर पिन कडीत घासतच नाही, रबरच पिळते, म्हणून तिथे कठीण थराची गरज नाही, सगळी मदार चिवटपणावर.

कोरड्या पिनेची ऑर्डर देताना "हार्डन" हा एकच शब्द लिहू नये. गाभ्याचा कठीणपणा, थराचा कठीणपणा, थराची खोली आणि डोके, खाच व आडवे भोक यांभोवतीचा मऊ ठेवायचा भाग, असे सगळे आकड्यांत लिहावे. हार्डनिंगनंतर वाकडी निघालेली पिन प्रेसखाली सरळ करू देऊ नये, कारण थराला तडा जातो. आणि गंज टाळण्यासाठी विद्युत-मुलामा द्यायचाच असेल, तर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भाजून पोलादात शिरलेला, त्याला ठिसूळ करणारा हायड्रोजन बाहेर काढावा.