हर्पिसची रक्ताची टेस्ट : काही त्रास नसताना पॉझिटिव्ह आली तर रिपोर्ट कसा वाचायचा

हा कागद आमच्या लॅबच्या काउंटरवर ठेवायचं कारण सांगतो. आजकाल लग्न ठरलं म्हणून, आयव्हीएफवाल्यांनी यादी दिली म्हणून, नाहीतर ऑनलाइन कुठल्यातरी पॅकेजमध्ये होतीच म्हणून बरेच जण हर्पिसची (म्हणजे ओठांवर किंवा गुप्तांगावर फोड आणणाऱ्या एचएसव्ही या व्हायरसची) अँटिबॉडी टेस्ट करून घेतात, अंगावर एक फोड नसतो, आयुष्यात कधी आलेला आठवत नसतो, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते त्यात ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह. मग माणूस दादरला गाडीत चढतो आणि बोरिवली येईपर्यंत गूगल करून करून अर्धा झालेला असतो. म्हणून आधी हे वाचा, मग डॉक्टरांशी बोला, आणि घरात भांडण तर त्यानंतरही नको, का ते पुढे येतंय.

नक्की कुठली टेस्ट झालीय?

रिपोर्ट उघडलात की निकालाच्या आधी डावीकडचं टेस्टचं नाव वाचा. एचएसव्ही १ आयजीजी, एचएसव्ही २ आयजीजी असं वेगवेगळं लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ आहे (१ बहुतेक ओठांवरचा, २ बहुतेक गुप्तांगावरचा, आणि आयजीजी म्हणजे इन्फेक्शननंतर रक्तात राहून जाणारी अँटिबॉडी). "एचएसव्ही १+२" असं एकत्र असेल (गरोदरपणात सांगतात त्या टॉर्च पॅनलमध्ये बरेचदा असंच असतं) तर पॉझिटिव्ह आलं तरी दोघांपैकी कुठला ते कळतच नाही. आणि आयजीएम असेल तर खरं सांगायचं तर तो आकडा बाजूला ठेवा. लोकांना वाटतं आयजीएम म्हणजे नवीन इन्फेक्शन, पण हर्पिसमध्ये तसं होत नाही, जुनं इन्फेक्शन परत डोकं वर काढलं तरी आयजीएम येतो आणि त्याला १ आणि २ मधला फरकही नीट कळत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची गाईडलाइनसुद्धा हर्पिससाठी आयजीएम वापरू नका म्हणते. आमच्याकडे कुणी फक्त आयजीएम मागितली तर आम्ही आधी विचारतो, कुणी लिहून दिलीय?

घरातली मोठी माणसं हर्पिस ऐकलं की नागीण समजतात. नागिणीचा व्हायरस वेगळा, कांजिण्यांचा, ही टेस्ट त्याची नाही.

एचएसव्ही १ पॉझिटिव्ह आला तर

बहुतेक वेळा काही विशेष नाही. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांना हा व्हायरस आहे, म्हणजे शंभरात चौसष्ट. बराचसा लहानपणीच लागतो, आत्या-मावशीने घेतलेल्या पाप्यातून वगैरे. तापानंतर ओठाच्या कडेला बारीक फोड येतात ना, तोच हा. हा खाली गुप्तांगावरही होऊ शकतो, पण शरीरात कुठे आहे ते रक्तावरून सांगता येत नाही, ना आम्हाला ना डॉक्टरांना.

एचएसव्ही २ पॉझिटिव्ह आला तर आकडा बघा

आता मुद्द्याचं. पॉझिटिव्ह या शब्दाच्या शेजारी एक इंडेक्स असतो. बहुतेक किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.१ मध्ये धड इकडे ना तिकडे, १.१ च्या वर पॉझिटिव्ह (तुमच्या रिपोर्टवर छापलेली रेंजच धरा, किट बदललं की ती बदलते). पण १.३ पण पॉझिटिव्ह आणि ८ पण पॉझिटिव्ह, आणि या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सीडीसीच्या २०२१ च्या गाईडलाइनमध्ये एका खूप वापरल्या जाणाऱ्या एलायझा टेस्टबद्दल दिलंय की इंडेक्स १.१ ते २.९ असेल तर स्पेसिफिसिटी (पॉझिटिव्ह किती भरवशाचा त्याचं माप) फक्त ३९.८ टक्के, म्हणजे या पट्ट्यातल्या पॉझिटिव्हवर डोळे मिटून विश्वास ठेवायची सोय नाही. ३ च्या वर ती ७८.६ टक्के होते, बरी आहे पण पक्की नाही. म्हणून ३ च्या खालचा आकडा दुसऱ्या पद्धतीने परत तपासल्याशिवाय धरायचाच नाही. सगळ्यात भरवशाची समजली जाणारी वेस्टर्न ब्लॉट नावाची टेस्ट अमेरिकेत सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये करतात, आमच्याकडे होत नाही. आम्ही एवढंच करू शकतो की दुसऱ्या पद्धतीचं किट असलेल्या लॅबला सॅम्पल पाठवायचं, आणि संबंध अलीकडचा असेल तर १२ आठवडे झाल्यावर परत घ्यायचं, कारण अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. याच कारणाने मागच्या आठवड्यातल्या प्रसंगाची भीती वाटून आज केलेल्या टेस्टचा निगेटिव्हही काही सांगत नाही.

आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असंही नाही हं. आणि एकदा खरा पॉझिटिव्ह आला की तो बहुतेक तसाच राहतो, तेव्हा दर महिन्याला टेस्ट करून पैसे घालवू नका.

खरंच असेल आणि त्रास काहीच नसेल तर?

असे लोक खूप आहेत, एचएसव्ही २ असलेल्या बहुतेकांना पत्ताच नसतो. व्हायरस कमरेच्या खालच्या नसांच्या मुळाशी पडून असतो आणि अधूनमधून, काही न दिसता, कातडीवर येतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांना कधीच लक्षणं नव्हती त्यांच्या सुमारे १० टक्के दिवसांच्या स्वॅबमध्ये व्हायरस मिळाला, लक्षणं असणाऱ्यांत २० टक्के. म्हणजे त्रास नसला तरी जोडीदाराला लागू शकतो. कॉन्डोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही. रोजची गोळी असते पण ती डॉक्टरांनी ठरवायची, मेडिकलवाल्याने नाही.

आणि आता ते भांडणाचं. इन्फेक्शन कधी झालं ते आयजीजी सांगत नाही. दोन महिन्यांपूर्वी की लग्नाच्या दहा वर्षं आधी, रिपोर्टमध्ये सारखंच दिसतं. बायकोचा पॉझिटिव्ह आणि नवऱ्याचा निगेटिव्ह, यातून कुणी कुणाला फसवलं असलं काही सिद्ध होत नाही, आणि इंडेक्स १.५ असेल तर मुळात इन्फेक्शन आहे की नाही तेच नक्की नाही.

गरोदर असाल तर रिपोर्ट गायनॅकना दाखवा. बाळाला जास्त धोका असतो तो आईला शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच इन्फेक्शन झालं तर, जुन्या इन्फेक्शनमध्ये तो खूप कमी असतो. कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात.

मग टेस्ट करायची का?

आम्ही लॅबवाले असून सांगतो, काही लक्षण नसेल आणि कारण नसेल तर नका करू. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१६ ला आणि परत २०२३ ला हेच सांगितलं, की लक्षणं नसलेल्यांची हर्पिससाठी सरसकट रक्ततपासणी नको, चुकीचे पॉझिटिव्ह फार येतात. जोडीदाराला हर्पिस आहे, किंवा पुन्हा पुन्हा काहीतरी उठतंय आणि निदान होत नाहीये, तर गोष्ट वेगळी. आणि फोड आलाच तर रक्त नको, फोड ओला असताना या, त्याच्यातून स्वॅब घेऊन पीसीआर (थेट व्हायरस शोधणारी टेस्ट) करतात, खपली धरल्यावर आलात तर त्यातून फारसं काही मिळत नाही.

एकूणच लैंगिक आजारांची तपासणी करायची असेल तर एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) आणि हिपॅटायटिस बी आधी करा. पैशांची अडचण असेल तर सरकारी हॉस्पिटलमधली सुरक्षा क्लिनिकं याचसाठी आहेत, तिथे लाजायचं काही कारण नाही, त्यांना रोजचंच आहे.

रिपीटसाठी येताना जुना रिपोर्ट घेऊन या, त्यावर किटची पद्धत लिहिलेली असते. रिपोर्ट घरच्या कॉमन नंबरवर नको असेल तर फॉर्म भरतानाच सांगा, बंद पाकिटात तुमच्याच हातात देऊ.