अनोळखी गॅमा-किरण स्रोतांचा क्ष-किरणांतून शोध

गॅमा किरण येतात, पण नेमके कशातून येतात ते ठरत नाही, अशा स्रोतांना अनोळखी स्रोत म्हणतात. 2008 साली सोडलेल्या फर्मी या गॅमा अवकाश-दुर्बिणीच्या चौथ्या सूचीत 5064 स्रोत होते; त्यांतले 1336 अनोळखीच राहिले. गॅमा दुर्बिणीची नजर ढोबळ असते, 1 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला एका फोटॉनची (प्रकाशकणाची) दिशा सुमारे 0.8 अंशापर्यंतच कळते. पुष्कळ फोटॉन जमवूनही स्रोत जिथे असण्याची 95 टक्के खात्री असते ते लंबवर्तुळ सहसा काही आर्कमिनिटांचे (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) उरते. तेवढ्या जागेत तारे आणि दीर्घिका ढिगाने असतात, क्ष-किरण स्रोत मात्र मोजकेच.

स्विफ्ट या उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र 23.6 आर्कमिनिटांचे आहे. बहुतेक लंबवर्तुळे त्यात एकाच वेळी मावतात आणि सापडलेल्या स्रोताची जागा 3 ते 5 आर्कसेकंदांपर्यंत (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) कळते. ही निरीक्षणे सर्वांसाठी खुली असल्याने रत्नागिरी-मालवणच्या महाविद्यालयातही हे काम होऊ शकते, तेही भर पावसाळ्यात. आकाशगंगेचा मध्य मध्यरात्री दक्षिणेला सर्वांत उंच येतो तो जूनमध्ये, नेमका कोकणात पाऊस लागतो तेव्हा. दृश्य प्रकाशातली पडताळणी करायची तर फेब्रुवारी ते मेच्या पहाटा धराव्यात.

0.3 ते 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची प्रतिमा काढून स्रोताभोवती 20 पिक्सेल, म्हणजे 47 आर्कसेकंद त्रिज्येचे वर्तुळ घ्यावे. स्रोत मंद असेल तर लहान. पार्श्वभूमी शेजारच्या रिकाम्या जागेतून मोजावी. पंधरा-वीसच फोटॉन मिळाले तर वर्णपटाला प्रारूप बसवण्याची नेहमीची काय-वर्ग जुळणी फसवते, तिथे मोजक्या फोटॉनांसाठीची कॅश सांख्यिकी वापरावी. तेजस्वी ताऱ्याचा दृश्य प्रकाशही शोधकात साचून खोटा मृदू (कमी ऊर्जेचा) क्ष-किरण स्रोत उभा करतो. आकाशगंगेच्या प्रतलात वायू 2 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टखालचे किरण गिळतो, त्यामुळे खरा जोडीदार, म्हणजे गॅमा किरण देणाऱ्याच वस्तूचा क्ष-किरण स्रोतही हरवतो. कधी तर गॅमा स्रोतच खोटा निघतो, विखुरलेल्या गॅमा प्रकाशाच्या प्रारूपातल्या चुकीमुळे.

लंबवर्तुळात क्ष-किरण स्रोत सापडला म्हणजे ओळख पटली, असे मुळीच नाही. योगायोगाची शक्यता आधी मोजलीच पाहिजे. मग गॅमा आणि क्ष-किरण तेजाचे गुणोत्तर पाहावे: पल्सारमध्ये, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यात, ते फार मोठे असते आणि गॅमा वर्णपट काही गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला वाकतो, ब्लेझार (आपल्याकडे झोत रोखलेली सक्रिय दीर्घिका) असेल तर तेज बदलत राहते. पल्सारचा खरा पुरावा आवर्तनाचा, म्हणजे ठरावीक काळाने येणाऱ्या स्पंदनांचा. जेमिंगा हा पल्सार 1970च्या दशकात गॅमा किरणांत दिसला, 1983 मध्ये त्याचा क्ष-किरण जोडीदार सुचवला गेला, पण 1992 साली रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाला 237 मिलिसेकंदांची स्पंदने मिळाली तेव्हाच निकाल लागला.

क्ष-किरणांत काहीच दिसले नाही तरी लंबवर्तुळ सोडून देऊ नये. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे 325 मेगाहर्ट्झचे दृष्टिक्षेत्र सुमारे 80 आर्कमिनिटांचे असल्याने ते पूर्ण तपासता येते, 2.16 मिलिसेकंदांचा जे1544+4937 हा पल्सार 2013 मध्ये अशाच एका फर्मी स्रोताच्या जागी सापडला.