हवेचं ठरलेलं माप

‘स्लो जरा कमी करा, ॲव्हरेज वाढेल,’ ही गॅरेजमधली नेहमीची फर्माईश. स्लो म्हणजे आयडलिंग, मूठ सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरत राहतं तो वेग. मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा सैल करतो, इंजिन डुगडुगू लागतं, गिऱ्हाईक खूश. ॲव्हरेज मात्र जिथल्या तिथे. गाडी पळवताना मूठ पिळलेली असते, तेव्हा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, त्या स्क्रूला टेकलेलाच नसतो! सिग्नलला थांबल्यावर वाचलं तर चार थेंब. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणाऱ्यांपेक्षा हे बरं, इतकंच.

मूठ पूर्ण सोडली तरी थ्रॉटल गच्च मिटू नये म्हणून स्क्रू त्याला अडवून धरतो. उरते ती केसाएवढी फट. तिच्यातून येणाऱ्या हवेवर इंजिनाने स्वतःचं घर्षण, ऑइल पंप आणि बॅटरीचं चार्जिंग भागवायचं. चार सिलिंडरच्या मोटारीला हे मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांवर जमतं. एका सिलिंडरच्या लहान मोटारसायकलला १३०० ते १५०० लागतात, कारण तिथे दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होतं आणि बाकीचा वेळ फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, जोरावर काढायचा असतो.

पण फट तेवढीच असताना वेग टिकून कसा राहतो? इथे खरी गंमत आहे. आयडलिंगला मोटारीच्या मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांमधला, दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश असतो. फटीच्या आतल्या बाजूचा दाब बाहेरच्या सुमारे ५३ टक्क्यांखाली गेला की फटीतली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. मग आतून कितीही ओढा, दर सेकंदाला येणारी हवा वाढत नाही. दाब घटल्याची खबर उलट्या दिशेने जाते ती ध्वनीच्याच वेगाने, आणि समोरून हवाही त्याच वेगाने येत असते. खबर बाहेर पोचतच नाही.

म्हणजे हवेचं माप ठरलेलं. इंजिन मंदावलं की तेवढीच हवा कमी घोटांत वाटली जाते, प्रत्येक घोट मोठा होतो, ज्वलनाचा जोर वाढतो, वेग सावरतो. वेग चढला की घोट लहान, जोर कमी. ना सेन्सर, ना स्प्रिंग! एका सिलिंडरच्या इंजिनात दोन घोटांच्या मधे दाब पुन्हा चढतो, त्यामुळे हा आधार तुटक मिळतो.

कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या मोटारीत एवढ्यावर भागत नाही. एसीचा कॉम्प्रेसर एकदम ओझं टाकतो, आणि जास्त हवा सोडली तरी मॅनिफोल्ड भरायला वेळ लागतो. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आयडलिंगला ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा पाडतो, म्हणजे काही जोर राखीव राहतो. ओझं आलं की पुढचीच ठिणगी अलीकडे ओढतो. असल्या गाडीत स्क्रू शोधत बसू नका. ईसीयू तुमची करामत उलटवायला बघेल.

कार्बोरेटरचा स्लो फार उतरवला तर सिलिंडरमध्ये ताज्या हवेपेक्षा मागच्या धुराचा वाटा वाढतो, ज्वलन अधूनमधून चुकतं आणि कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं. ऑइलचा दाबही घसरतो. सेटिंग करायचं ते इंजिन तापल्यावर, चोक बंद ठेवून, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर. आणि स्लो आपोआप चढायला लागला, तर स्क्रूला हात लावण्याआधी कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी जोड तपासा. त्याला भेग गेली की हवा थ्रॉटलला वळसा घालून परस्पर आत शिरते.